मन दगड करायचं नसतं: वादळ, केळीचे भाव आणि स्टोइक विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे यावल तालुक्यातले तरुण शेतकरी, कृषी पदवीधर, घरची केळी. मागच्या दोन हंगामांत एकदा वादळानं बाग झोपवली आणि एकदा माल तयार झाला तेव्हाच भाव पडला. सोसायटीचं कर्ज आहे. धाकटा भाऊ पुण्यात आयटीत आहे आणि त्याच्या कंपनीत माणसं कमी करणं सुरू आहे. घरात सव्वा वर्षाची मुलगी आहे. रात्री अडीचला जाग येते, मग डोळा लागत नाही. मोबाइलवर स्टोइक तत्त्वज्ञानाचे, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन लोकांच्या एका विचारपरंपरेचे, व्हिडिओ बघून त्यांनी मन दगडासारखं करायचं ठरवलं. झोप सुधारली नाही, उलट बायको म्हणते, तुम्ही कोरडे झालात. त्यांचं विचारणं: हे आपल्यासारख्याला खरंच उपयोगी आहे का, असेल तर वापरायचं कसं, आणि वाचायचं तर काय?

भाऊ, आधी वहिनींचं ऐका. तुम्ही कोरडे झालात असं त्या म्हणत असतील, तर झाला असाल. घरच्या माणसाला हे आपल्याआधी कळतं. पण हा दोष स्टोइकांचा नाही, मिनिटभराच्या व्हिडिओंचा आहे. दाढीवाला संगमरवरी पुतळा, मागे ढोल, आणि खाली काहीच वाटू देऊ नका अशा अर्थाची एक ओळ. त्या मंडळींनी असं कधी शिकवलंच नव्हतं.

मी जळगावात समुपदेशनाचं काम करते. केळीवाले येतात, कापूस घरात भरून भावाची वाट बघणारे येतात, स्पर्धा परीक्षेत पुन्हा पुन्हा बसणारी मुलं येतात, भुसावळकडचे रेल्वेतले लोक येतात. स्टोइक विचार या कामात मी वर्षानुवर्षं वापरते, बहुतेक वेळा नाव न घेता. नाव घेतलं की समोरचा माणूस ताठ होतो, आता आपल्याला काहीतरी मोठं ऐकायचंय म्हणून. तुम्ही नाव घेऊनच विचारलंय, तर नावासकट सांगते.

या परंपरेची सुरुवातच नुकसानीतून झाली असं सांगतात. झेनो हा सायप्रस बेटावरचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा माल भरलेलं त्याचं जहाज फुटलं, तो अथेन्सला पोचला आणि तिथल्या एका पुस्तकवाल्याकडे सॉक्रेटिसची हकिगत ऐकून तत्त्वज्ञानाकडे वळला. इ.स.पू. ३०० च्या सुमारास तो भर बाजारपेठेतल्या एका चित्रं काढलेल्या ओसरीत शिकवू लागला. म्हणजे मठ नाही, आश्रम नाही, भाजीपाल्याच्या गलबल्यात. पुढे रोममध्ये ज्यांची नावं तुम्ही ऐकली असतील ती तीन माणसं झाली. सेनेका पैसेवाला आणि दरबारातला, त्याला इ.स. ४१ मध्ये कॉर्सिका बेटावर हद्दपार केलं आणि ६५ मध्ये त्याच्याच शिष्यानं, म्हणजे सम्राट नीरोनं, जीव द्यायला लावला. एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढला, पायानं अधू होता, आणि सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांना रोमबाहेर काढलं तेव्हा त्यानं ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. मार्कस ऑरेलियस इ.स. १६१ ते १८० या काळात सम्राट होता. त्याच्या राज्यात साथीनं माणसं मेली, डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर वर्षानुवर्षं लढाई चालली, आणि त्याची स्वतःची अनेक मुलं लहानपणीच गेली. निवांत आयुष्य यातल्या कुणालाच मिळालं नव्हतं. म्हणून मला ही माणसं कामाची वाटतात.

आणि तत्त्वज्ञान हे काही आपल्या भागातलं काम नव्हे असं वाटत असेल, तर अमळनेर आठवा. १९१६ साली गिरणीवाल्या प्रताप शेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथल्या अभ्यासासाठी. शाळेत मास्तर नंतर झाले. असो.

आता दगडाचं बघू. ऑलस गेलियस नावाचा दुसऱ्या शतकातला एक रोमन लेखक आहे. तो ग्रीसकडून इटलीला जहाजानं निघाला असताना रात्री मोठं वादळ झालं. जहाजात पाणी यायला लागलं, लोक रडारड करू लागले. त्याच जहाजावर अथेन्सचा एक नावाजलेला स्टोइक गुरू होता. हा आता काय करतो म्हणून गेलियस त्याच्याकडेच बघत राहिला. गुरू ओरडला नाही, रडला नाही, पण चेहऱ्याचा रंग पार उडालेला. वादळ ओसरल्यावर एक श्रीमंत प्रवासी त्याला टोमणा मारायला आला: एवढे तत्त्वज्ञानी तुम्ही, आणि पांढरे पडलात? मी तर नाही घाबरलो! त्याला गुरूनं खोचक उत्तर देऊन वाटेला लावलं. गेलियसनं मात्र नंतर जवळ जाऊन नीट विचारलं, तेव्हा गुरूनं आपल्या पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून त्याच्या हातात दिला. आज तो भाग उपलब्ध नाही. त्यात काय होतं ते गेलियसनं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं.

त्यात होतं ते असं. आभाळ कडाडलं, काही कोसळल्याचा आवाज आला, अचानक वाईट बातमी कानावर आली, तर शहाण्यातला शहाणा माणूसही क्षणभर हलतो, आकसतो, पांढरा पडतो. त्यावर त्याचा ताबा नसतो आणि असायची गरजही नाही. फरक पुढच्या क्षणाला पडतो. अडाणी माणसाला जे भयंकर दिसलं ते तो तसंच खरं धरतो. शहाणा थांबतो आणि मनात उठलेल्या वाक्याला लगेच होकार देत नाही.

मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेकडून धूळ उठली की केळीवाल्याच्या पोटात गोळा येतो. तो यायचाच. तुम्ही चार महिने तो गोळाच येऊ नये म्हणून झटताय, आणि तिथेच सगळी ताकद चाललीय. त्या झटापटीत मुलीचं बोबडं बोलणंही आत पोचेनासं झालं, कारण मनाचं दार बंद केलं की ते सगळ्यांनाच बंद होतं. गोळा येऊ द्या. काम त्याच्या पुढचं आहे: मनात नेमकं कोणतं वाक्य आलं ते पकडायचं.

हे मी लोकांना लिहायला लावते, आणि अगदी शब्दन् शब्द. एकानं माझ्यासमोर वहीत लिहिलं होतं: 'बाग गेली. बापानं कमावलं ते मी घालवलं. गावात तोंड दाखवायला जागा नाही.' मी विचारलं, यातलं वाऱ्यानं काय केलं? ते बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. म्हटलं, तेही पुरतं खरं आहे का, बाग सगळी गेली? तर म्हणे नाही, वरच्या पट्टीतली निम्मी उभी आहे. मग पहिलं वाक्य खोडून त्यांनीच लिहिलं: 'खालची पट्टी आडवी झाली, वरची निम्मी उभी आहे.' उरलेली दोन वाक्यं वाऱ्यानं आणलेली नव्हती, ती यांनी स्वतः जोडलेली होती. एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तिकेतल्या पाचव्या कलमात हेच आहे: माणसाला गोष्टी अस्वस्थ करत नाहीत, गोष्टींबद्दलचे त्याचे निवाडे करतात. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपली उपचारपद्धती उभी केली तेव्हा याच विचाराचा आधार घेतला, आणि मराठीत ती पद्धत रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे तुम्ही उद्या एखाद्या समुपदेशकाकडे गेलात तर तो जे करून घेईल त्यातलं बरंचसं मूळचं त्या गुलामाच्या शाळेतलं असेल.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर माझा आणि त्या व्हिडिओवाल्यांचा खरा वाद आहे.

एपिक्टेटसची पुस्तिका सुरूच होते ती एका विभागणीनं: काही गोष्टी आपल्या हातातल्या, काही नाहीत. आपली मतं, आपले निर्णय, आपलं करणं हातात. शरीर, पैसा, नाव, हुद्दा पुरते हातात नाहीत. हे ऐकलं की लोक कागदावर उभी रेघ मारतात आणि चिंता उचलून इकडे नाहीतर तिकडे टाकतात. वादळ: हातात नाही. भाव: हातात नाही. भावाची नोकरी: हातात नाही. झालं, मोकळे. आपल्या भागाला हे शिकवायची गरजच नाही. धुळ्या-पारोळ्याकडचा माणूस एका दमात म्हणतो, 'जे व्हई ते दखाई जाई.' म्हणजे जे होईल ते बघून घेऊ. ते त्याला हजार वर्षांपासून पाठ आहे. काही वेळा तो त्यात खरोखर तरून जातो. पण माझ्यासमोर जे येतात त्यांचं दुखणं बहुतेकदा उलटं असतं. हातातलं सोडून दिलेलं असतं, आणि त्यालाच शांती म्हटलेलं असतं.

रावेरकडच्या एका शेतकऱ्याचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. वादळात बाग आडवी झाली. गृहस्थ घरात येऊन पडले, फोन बंद केला. दोन दिवस कुणी काही बोललं की एकच उत्तर: निसर्गापुढे आपलं काय चालतं! चेहरा शांत. घरच्यांना वाटलं, किती धीरानं घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेनं विचारलं की विम्याची सूचना कुणी दिली का? वादळ-गारपिटीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते. मग फोटो, सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, तलाठ्याला फोन, अशी पळापळ. सूचना वेळेत गेली ती त्या सुनेमुळे. माझ्या मते त्या घरात स्टोइक कुणी असेल तर ती सून. सासऱ्यांची शांती म्हणजे बधिरपणा होता. भीती फार झाली की मन असं बधिर होतं, त्यात कमीपणा काही नाही, पण त्याला तत्त्वज्ञानाचं नाव देऊ नये.

तेव्हा रेघ कागदावर मारू नका, प्रत्येक चिंतेच्या आत मारा. एकूण एक चिंतेत तुमचा तुकडा असतो. कधी तो अगदी बारीक असतो, पण असतो.

तुमच्याच चिंता घ्या. वादळ तुमचं नाही. बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची वारारोधक ओळ लावणं, निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, झाडांना आधार देणं, विमा मुदतीत भरणं, ई-पीक पाहणी वेळेवर करणं, हे तुमचं. भाव तुमचा नाही, तो बऱ्हाणपूरच्या लिलावात आणि दिल्लीच्या मागणीत ठरतो. पण सगळी लागवड एकाच महिन्यात करायची की थोडी जून-जुलैची मृगबाग आणि थोडी ऑक्टोबरची कांदेबाग ठेवायची, हे तुमचं. त्यानं भाव वाढत नाही. सगळा माल एकाच पडत्या भावात सापडत नाही, इतकंच. कटाईच्या दिवशी काट्यापाशी स्वतः उभं राहायचं की नाही, हेही तुमचं. भावाची नोकरी तुमची नाही, खरं म्हणजे पुरती त्याचीही नाही. तुमचा तुकडा एवढाच की त्याला एकदा फोन करून सांगायचं, काही झालं तरी घर आहे, ये. आणि मग रोज संध्याकाळी 'काय झालं रे कंपनीचं?' हे विचारायचं बंद करायचं. ते विचारणं तुमच्या चिंतेसाठी आहे, त्याच्यासाठी नाही.

प्रत्येक तुकड्यापुढे वार आणि वेळ लिहा. 'विम्याचं बघायचं' असं नको. 'मंगळवारी सकाळी दहाला सेतू केंद्रात, सोबत आधार, सातबारा, पासबुक' असं हवं. वार-वेळ नसलेला तुकडा अडीच वाजता उठवायला येतो. पुढे झोपेचंही सांगते.

यावर लोक विचारतात, एवढं सगळं करूनही भाव पडला तर? स्टोइकांना हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. त्यांचं उत्तर सिसरो या रोमन लेखकाच्या एका ग्रंथात तिरंदाजाच्या दाखल्यानं आलंय. नीट नेम धरणं, दोरी ताणणं, बाण सोडणं, एवढं तिरंदाजाचं काम. बाण सुटल्यावर वाऱ्याची झुळूक आली, लक्ष्य हललं, तर त्याच्या तिरंदाजीत खोट नाही. तो नेम मात्र लक्ष्यावरच धरतो, लागो न लागो म्हणून आभाळात बाण सोडत नाही. हे व्हिडिओत गाळतात. स्टोइकांनी पैसा, आरोग्य, चांगलं पीक यांना कवडीमोल कधी म्हटलं नाही. असलेलं बरंच, आणि मिळवायचा प्रयत्नही करायचा. फक्त तुम्ही माणूस म्हणून किती भरता हे त्या आकड्यावर ठरत नाही. बागायतदाराला हे पटायला जड जातं, कारण आपल्याकडे पारावर माणसाची ओळखच घडाच्या वजनावरून होते. 'यंदा किती बसली रास?' या प्रश्नात बरंच काही विचारलेलं असतं.

आता भाव बघण्याबद्दल. ग्रुपवर रोज भाव येतो. नवतीचा (नव्या लागवडीचा) इतका, पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या बागेचा) इतका, मग त्यावर पंचवीस जणांची हळहळ. ज्याची कटाई पंधरा दिवसांवर आलीय त्यानं तो रोज बघावा, ते त्याचं काम आहे. ज्याच्या बागेला अजून चार महिने आहेत त्याला आजच्या भावातून घ्यायचा निर्णयच नसतो, तरी तो दिवसातून दहादा ग्रुप उघडतो. त्यानं आठवड्यातून एकदा बघितला तरी पुरे. हे ऐकायला फारच साधं वाटतं, पण माझ्याकडे येणाऱ्यांच्या झोपेत या एका गोष्टीनं जितका फरक पडताना मी पाहिलाय तितका कुठल्या सुविचारानं नाही. ग्रुप सोडू नका, माणसं तुटतात. आवाज बंद करा.

एपिक्टेटसचं मला सर्वांत आवडणारं कलम चौथं आहे, आणि ते कुणी फारसं सांगत नाही. तो म्हणतो, सार्वजनिक स्नानगृहात जाणार असाल तर तिथे काय चालतं ते निघण्याआधी आठवा: कुणी पाणी उडवतं, कुणी ढकलतं, कुणी शिव्या देतं, कुणी कपडे चोरतं. मग स्वतःला सांगा, मला आंघोळ करायचीय आणि माझं मनही ठिकाणावर ठेवायचंय. तिथे काही बिनसलं तर म्हणता येईल की मला फक्त आंघोळच करायची नव्हती.

स्नानगृहाच्या जागी बँक घाला. तुम्हाला पीककर्जाचं नवं-जुनं करायचंय, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायचंय. गाडीला किक मारण्याआधी ओट्यावर दोन मिनिटं बसा आणि बँकेत काय असतं ते डोळ्यापुढे आणा. सर्व्हर बंद असेल. साहेब मीटिंगला गेलेले असतील. तुमचा उतारा जुना ठरेल. झेरॉक्सवाला समोरच्या गाळ्यात असेल आणि त्याच्याकडे लाइट नसेल. तुमच्यानंतर आलेला कुणी ओळखीवर आत जाईल. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता 'उद्या या' म्हणेल. हे सगळं होऊ शकतं असं धरून निघालेला माणूस सोबत नवा उतारा आणि दोन जादा झेरॉक्स घेऊन निघतो, आणि 'उद्या या' ऐकल्यावर 'उद्या किती वाजता, आणि कुणाला भेटू?' असं विचारतो. न धरता निघालेला काउंटरवर भांडतो, चहाच्या टपरीवर भांडणाची गोष्ट सांगतो आणि घरी येऊन ताटावर बसल्यावर बायकोवर खेकसतो. काम दोघांचंही त्या दिवशी झालेलं नसतं.

इथे एक सावधगिरी. संकट आधीच कल्पून ठेवायचं हा स्टोइकांचा जुना सराव, आणि इंटरनेटवर तो सरसकट सगळ्यांना सांगितला जातो. तुमच्यासारख्या आधीच चिंतेत असलेल्या माणसाला तो मी तसा देत नाही. तुम्ही रात्री अडीचला दुसरं काय करताय? तेच करताय, फक्त त्याला शेवट नाही. सेनेकानंही एका पत्रात म्हटलंय की आपण प्रत्यक्षात जितकं सोसतो त्याहून जास्त कल्पनेत सोसतो. तेव्हा करायचंच असेल तर दिवसा, पेन हातात घेऊन, घड्याळ लावून दहा मिनिटं. 'भाव पडला तर' असं लिहिलं की पुढचा शब्द 'मग' आलाच पाहिजे, आणि त्यापुढे तुम्ही काय कराल ते. 'मग' नंतर काही सुचत नसेल तर ती चिंता त्या दिवशी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या माणसाशी बोला.

सेनेकाचा दुसरा एक सराव मात्र मी खुशाल सांगते. अधूनमधून काही दिवस ठरवून हलकं, स्वस्त खावं, जाडंभरडं नेसावं आणि स्वतःला विचारावं: मी भीत होतो ते हेच का? आपल्याकडे याची थोडी गंमत होते. त्याला जे गरिबीचं जेवण वाटलं असतं, ती कळण्याची भाकरी आणि ठेचा, आपण हायवेवरच्या हॉटेलात पैसे मोजून खातो. पण सरावाचा गाभा खर्चात आहे. महिनाभर घर कमीत कमी किती रुपयांत चालेल हे प्रत्यक्ष चालवून बघा. वहिनींना विचारून करा, त्यांना आकडा तुमच्याहून नीट माहीत असतो. पुष्कळांना तो आकडा कळला की निम्मी धास्ती उतरते, कारण 'रस्त्यावर येऊ' या भीतीला आकडा नसतो.

आता झोप. अडीच वाजता तत्त्वज्ञान करू नका. त्या वेळी मनाशी वाद घालून कुणी जिंकत नाही. सेनेका रात्री दिवा विझल्यावर दिवसाचा हिशेब घ्यायचा: आज कुठे चुकलं, कुठे बरं वागलो, उद्या काय. तुम्ही तो हिशेब अंथरुणावर घेऊ नका, नऊच्या आत, बाहेर बसून, वहीत घ्या. तीन-चार ओळी पुरतात. मग जाग आली आणि चिंता उभी राहिली की तिला एकच उत्तर: वहीत आहे, मंगळवारी दहाला. पुन्हा आली तर पुन्हा तेच. पडून तळमळत असाल तर उठून पाणी प्या, ओट्यावर बसा, झोप आली की आत या. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मन कसं आवरत नाही हे आसोद्याच्या बहिणाबाईंनी सांगून ठेवलंय आणि तुम्हाला ते शाळेत पाठ होतं, त्यामुळे मी वेगळं सांगत नाही.

घरच्यांबद्दल मार्कस ऑरेलियसचा सकाळचा पाठ बघा. तो स्वतःला बजावायचा: आज मला लुडबुड्ये, कृतघ्न, उर्मट, मत्सरी लोक भेटतील. एवढंच कापून व्हिडिओत टाकतात, आणि बघणारा दिवसभर माणसांना तुच्छ लेखत फिरतो. पुढचं वाक्य असं आहे की ही माझीच माणसं आहेत, आम्ही एकमेकांसोबत काम करायला जन्मलोय, हातपाय किंवा वरचे-खालचे दात असतात तसे. भाऊबंदकीच्या वादात, बांधाच्या भांडणात आणि म्हाताऱ्या वडिलांनी जुन्या रीतीचा हट्ट धरल्यावर हा दुसरा अर्धा भाग लागतो. एपिक्टेटसही म्हणतो की तुम्ही कुणाचे मुलगे आहात, भाऊ आहात, बाप आहात, आणि काय करायचं ते त्या नात्यातून कळतं. मुलीचा बाप असणं हे तुमच्या हातातल्या कामांत सगळ्यात वर आहे. तिच्यासोबत खेळताना दगड व्हायला कुणी सांगितलेलं नाही.

दोन गोष्टींत हे तत्त्वज्ञान पुरत नाही किंवा वाईट पद्धतीनं वापरलं जातं, त्या स्पष्ट सांगते.

एक, हे आजारपणावरचं औषध नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटतंय, मरणाचे विचार येताहेत, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या प्रश्नात मला मरणाची भाषा दिसली नाही, पण तुमची झोप कितीतरी महिन्यांपासून बिघडलीय. एकदा दाखवाच. आणि शेजारपाजारच्या कुणाच्या तोंडी तशी भाषा आली, तर त्याला धीर धर म्हणून परत पाठवू नका. सोबत बसा, विचारा, घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात ठेवा.

दोन, मन शांत ठेवा हा सल्ला वरून खाली फार सोपा दिला जातो. विम्याचे पैसे अडकलेत, नुकसानीचे पंचनामे रखडलेत, आणि व्यासपीठावरून कुणीतरी शेतकऱ्यांनी सकारात्मक राहावं असं सांगतो. स्टोइकांच्या चार सद्गुणांत न्याय हा एक आहे, आणि तो शोभेला ठेवलेला नाही. हेल्विडियस प्रिस्कस नावाचा एक सिनेटर होता. सम्राट व्हेस्पॅशियननं त्याला सभेत येऊ नकोस म्हणून बजावलं, आलास तर बोलू नकोस म्हणून बजावलं. तो म्हणाला, मी सदस्य आहे तोवर येणार, आणि विचारलंत तर जे योग्य वाटतं ते बोलणार. त्याला त्याची किंमत मोजावी लागली. एपिक्टेटस आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट कौतुकानं सांगायचा. तेव्हा तहसीलवर निवेदन द्यायला जाणं, तक्रार लिहून तिची पोच घेणं, चार गावांनी मिळून पाठपुरावा करणं, हे सगळं तुमच्या हातातल्या बाजूला येतं. मोर्चात जाऊन आल्यावर झोप लागत असेल तर जा. निकाल तुमचा नाही, जाणं तुमचं.

वाचायचं काय? एपिक्टेटसची छोटी पुस्तिका, एन्कायरिडिऑन. त्यानं स्वतः काही लिहिलं नाही. त्याचा विद्यार्थी एरियन यानं त्याची शिकवण उतरवून घेतली आणि तिचं सार या पुस्तिकेत काढलं. ५३ छोटी कलमं आहेत, काही तर चार ओळींची. दिवसाला एकच वाचा, सकाळी, बागेत जाण्याआधी, आणि त्या दिवशी ते कुठे लागू पडलं ते रात्रीच्या तीन-चार ओळींत लिहा. लागू नाही पडलं तर तसं लिहा. मार्कस नंतर, तो स्वतःसाठी लिहीत होता, त्यामुळे मधूनच तुटक आणि उदास वाटतो, आणि सध्या तुम्हाला उदास सोबती नको. सेनेकाची पत्रं पावसाळ्यात, हाताला थोडी उसंत असेल तेव्हा.

पुस्तिकेतलं तिसरं आणि अकरावं कलम मात्र आत्ता सोडा. लेकराचा मुका घेताना हे मर्त्य आहे असं स्वतःला सांग, आणि मूल गेलं तर 'गमावलं' म्हणू नकोस, 'परत दिलं' म्हण, असं त्यांत आहे. त्यामागे त्या काळचा विचार आहे आणि जाणकार त्याची बाजूही मांडतात. पण सव्वा वर्षाची मुलगी घरात असलेल्या, झोप उडालेल्या बापाला ती दोन कलमं मी देत नाही. मुलगी दुपारी झोपेतून उठली की तुम्ही शेतातून फोन लावता का? लावत नसाल तर उद्यापासून लावा, त्याचीही वेळ वहीत लिहा.